ब्रेल नोटटेकर म्हणतोय 'जागा नाही', पण नक्की कुठे नाही? एका प्रकरणाची पूर्ण हकीकत

ही हकीकत खरी आहे, फक्त माणसं ओळखू येणार नाहीत एवढी काळजी घेतलीय आणि डिव्हाइसचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, कारण हा प्रॉब्लेम कुठल्याही नोटटेकरवर येऊ शकतो. मी अशा डिव्हाइसेसवर लोकांना मदत करतो, आणि स्टोरेजच्या तक्रारीत लोक पहिल्यांदा काहीतरी पुसून टाकतात आणि मग विचारायला येतात हे इतक्या वेळा पाहिलंय की हे प्रकरण सविस्तर लिहावंसंच वाटलं.

पार्श्वभूमी

ज्यांचं हे प्रकरण त्यांना ताई म्हणू. ताई पूर्ण अंध आहेत, शिकवतात, आणि त्यांचं सगळं काम एका ३२ सेलच्या, म्हणजे एका वेळी ३२ ब्रेल अक्षरं दाखवणाऱ्या, नोटटेकरवर चालतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, नोटटेकर म्हणजे वर ब्रेल टाइप करायच्या कीज, पुढे एक ओळीचा ब्रेल डिस्प्ले ज्यातले ठिपके वर-खाली होतात, आणि आत एक छोटा कॉम्प्युटर. पूर्वीच्या बऱ्याच नोटटेकरमध्ये विंडोज सीई असायचं, नंतरचे बरेच अँड्रॉइडवर आले, ताईंचा अँड्रॉइडवालाच आहे पण जुन्या पिढीतला. आतली मेमरी १६ जीबी, त्यातला मोठा हिस्सा सिस्टिम आणि ॲप्सनीच धरलेला, आणि बाजूला एसडी कार्डाचा स्लॉट, त्यात ३२ जीबीचं कार्ड.

कार्डावर काय होतं? शिकवण्याच्या नोट्स, वर्षानुवर्षांच्या, बहुतेक बीआरएफ फाइल्स, म्हणजे ब्रेलमधला मजकूर साठवायचा फॉरमॅट. डेझीची, म्हणजे अंध वाचकांसाठीच्या फॉरमॅटमधली, ऑडिओ पुस्तकं बरीच. आणि आतल्या मेमरीत मेल, पत्ते, कॅलेंडर. हे झालं ताईंच्या मते. प्रत्यक्षात अजून एक मोठी गोष्ट आत होती जी त्यांना माहीतच नव्हती, ती पुढे येईल.

अडचण

एक दिवस वर्ग चालू असताना नोट सेव्ह होईना. संदेश आला, ताईंनी ओळीवर बोट फिरवलं, 'फाइल सेव्ह झाली नाही, जागा अपुरी' इतकं वाचलं आणि एंटर दाबून पुढे गेल्या. वर्गात होत्या म्हणून आवाज बंद होता, त्यामुळे जे काही कळलं ते बोटांनाच.

इथेच सगळ्या प्रकरणाची गोम आहे. त्या संदेशाचं शेपूट होतं. ३२ सेलमध्ये पहिला भाग बसला, आणि 'एसडी कार्ड' हे शब्द उजवीकडे पॅन केल्याशिवाय, म्हणजे ओळ पुढे सरकवल्याशिवाय, दिसणारच नव्हते. डोळस माणसाला डायलॉग बॉक्स एका नजरेत अख्खा दिसतो, ब्रेलच्या एका ओळीवर संदेश तुकड्यातुकड्याने येतो आणि नेमकी कामाची गोष्ट बहुतेक वेळा शेवटच्या तुकड्यात असते. हा ताईंचा निष्काळजीपणा अजिबात नाही, संदेश लिहिणाऱ्याने जागेचं नाव आधी लिहायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

तर ताई धरून चालल्या की आतली मेमरी भरली. सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर आतली मेमरी खरंच जवळजवळ भरलेली! म्हणजे चुकीच्या अंदाजाला पुरावाही मिळाला. मग त्यांनी जुने मेल काढले, दोन-तीन ॲप्स काढली, थोडी जागा झाली, नोट पुन्हा सेव्ह करून पाहिली, तोच संदेश. मग भावाच्या मॅकला कार्ड लावून वाचून झालेली डेझी पुस्तकं डिलीट केली, चांगली ढीगभर. कार्ड परत डिव्हाइसमध्ये. तोच संदेश, परत.

याच गडबडीत एकदा कार्ड डिव्हाइसमधून तसंच ओढून काढलं गेलं, सॉफ्टवेअरमधून 'कार्ड काढा' न करता. त्यानंतर दोन नोट्स उघडेनाशा झाल्या आणि एका फोल्डरमधली काही नावं गायब. आता मात्र ताई घाबरल्या, कारण त्यातल्या काही नोट्सची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर उत्तर मिळालं की फॅक्टरी रीसेट करा, सगळं नीट होईल. ताई रीसेट करणारच होत्या, फक्त त्याआधी एकदा विचारावं म्हणून मला फोन केला. मी म्हटलं, "ताई, आत्ता काही पुसू नका, काही सेव्हही करू नका, कार्ड नीट बाहेर काढून बाजूला ठेवा." सेव्ह न करण्याचं कारण असं की फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कार्डावर कुठे आहे याची नोंद, बिघडलेली असेल तर नवीन लिहिलेलं हरवलेल्या फाइलच्या जागेवर जाऊन बसू शकतं, आणि मग ती परत मिळवायचा मार्गच बंद.

कुठले पर्याय होते

पहिला, फॅक्टरी रीसेट. हा पर्याय ऐकायला सोपा वाटतो म्हणून जरा नीट सांगतो. रीसेट आतली मेमरी साफ करतो, कार्डाला सहसा हातही लावत नाही. तक्रार कुठली होती? कार्डाची. म्हणजे ताईंचे पत्ते, मेल सेटिंग, कॅलेंडर, ब्रेल टेबलची (कुठल्या भाषेचं ब्रेल दाखवायचं त्याची) निवड, सगळं गेलं असतं आणि नोट सेव्ह करताना तोच संदेश परत आला असता. डिव्हाइसची बॅकअपची सोय होती, पण ती बॅकअप कार्डावर टाकते आणि कार्डच भरलेलं, त्यामुळे रीसेटच्या आधी बॅकअपही झाला नसता. रीसेट हा शेवटचा उपाय आहे आणि तो सुद्धा सगळं बाहेर काढून ठेवल्यावर. फोनवर पहिल्याच मिनिटाला रीसेट सांगणं मला पटत नाही, निदान 'संदेश पूर्ण वाचून दाखवा' एवढं तरी आधी विचारावं.

दुसरा, मोठं कार्ड घेणं. ताईंच्या मनात १२८ जीबीचं होतं. अडचण अशी की ३२ जीबीपर्यंतची कार्डं साधारण फॅट३२ नावाच्या फॉरमॅटमध्ये येतात आणि त्यावरची एक्सफॅटमध्ये, आणि बरीच जुनी डिव्हाइसेस एक्सफॅट ओळखत नाहीत. मोठं कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करता येतं, पण ताईंच्या डिव्हाइसच्या माहितीपुस्तकात ३२ जीबीपर्यंतच लिहिलेलं, त्यापुढे चाललं तर नशीब. आणि मुळात जागा कुठे गेली हे न कळता मोठं कार्ड घेतलं तर तेही भरणारच.

तिसरा, भावाने बसून सगळं साफ करायचं. भाऊ तयार होता आणि प्रेमानेच म्हणत होता, "दे इकडे, पाच मिनिटांत करतो." याला ताईंनी नाही म्हटलं आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच. फाइलींची नावं ताईंच्या स्वतःच्या पद्धतीची, आखूड, दोन-तीन अक्षरांची. बीआरएफ फाइल डोळसाने उघडली तर त्याला आस्कीतली अक्षरं आणि चिन्हं यांचा गोंधळ दिसतो, त्यातली कुठली कामाची आणि कुठली फालतू हे त्याला कळणार कसं? ज्याच्या नोट्स आहेत त्याच्या बोटाखालून प्रत्येक नाव गेल्याशिवाय काही डिलीट व्हायला नको, मग कितीही वेळ लागो.

चौथा, आधी मोजायचं, मग प्रत काढायची, मग दुरुस्ती. आम्ही हाच घेतला.

काय केलं

कार्ड रीडरमधून विंडोज कॉम्प्युटरला लावलं. डिव्हाइस केबलने जोडूनही फाइल्स दिसतात, पण तेव्हा डिव्हाइस जे दाखवायचं ठरवतं तेवढंच दिसतं, आम्हाला तर नेमकं ते न दाखवलेलंच बघायचं होतं. कार्ड बाहेर असल्यामुळे नोटटेकर मोकळा होता, म्हणून तो त्याच कॉम्प्युटरला ब्रेल टर्मिनल म्हणून जोडला, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं ब्रेलमध्ये किंवा आवाजात देणारा प्रोग्रॅम) चालू. म्हणजे कार्डावरची यादी ताईंच्याच डिस्प्लेवर, त्यांच्याच बोटांखाली, आणि माझ्यासमोर स्क्रीनवर. दोघंही एकच गोष्ट बघतोय. अशी मदत करणाऱ्या प्रत्येकाला मी ही मांडणी सुचवेन, कारण यात 'मी बघून सांगतो' हा प्रकारच राहत नाही.

सुरुवातीलाच कार्डाचं छोटं स्विच लॉकवर सरकवलं. हे लॉक कार्डाच्या आत काही करत नाही, रीडर ते पाळतो इतकंच, पण चुकून काही लिहिलं जाऊ नये म्हणून पुरेसं आहे.

मग मोजणी. ३२ जीबीच्या कार्डात वापरायला साधारण २९ जीबी मिळतात आणि कॉम्प्युटर म्हणत होता की सगळे भरलेत. प्रत्येक फोल्डरची साइझ ताईंनी वाचून बेरीज केली तर आली जेमतेम ११ जीबी. उरलेले १८ जीबी कुठे गेले?

असा फरक येतो तेव्हा माझ्या मनात तीन संशयित असतात. लपलेल्या फाइल्स, बिघडलेली फाइल सिस्टिम, किंवा नकली कार्ड. नकली कार्ड म्हणजे वर ३२ लिहिलेलं पण आत चिप कमी जीबीची, खरी जागा संपली की पुढे लिहिलेल्या फाइल्स नावापुरत्या दिसतात आणि आत काही नसतं. ती तपासणी करताना कार्डावर भरपूर लिहावं लागतं, म्हणून ती शेवटी ठेवायची. आधी जे नुसतं वाचून होतं ते.

लपलेल्या फाइल्स दाखवायचं सेटिंग चालू केलं आणि यादीत वरच एक नाव आलं, डॉट ट्रॅशेस. त्याच्या आत ५०१ नावाचं फोल्डर, आणि त्याच्या आत ताईंनी 'डिलीट' केलेली सगळी डेझी पुस्तकं, एकही न हललेली. जवळजवळ १७ जीबी.

झालं असं होतं की मॅकवर कार्डावरची फाइल ट्रॅशमध्ये टाकली की ती कार्डावरच्याच एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते, आणि कार्ड लावलेलं असताना ट्रॅश रिकामा करेपर्यंत तिथेच राहते. कचरा घराबाहेर न टाकता पलंगाखाली सरकवावा तसं. विंडोजवर अशा कार्डावरून डिलीट केलं की थेट जातं, त्यामुळे दोन्हीकडे काम करणाऱ्या माणसाला हा फरक लक्षात येत नाही. आणि नोटटेकरचा फाइल मॅनेजर टिंबाने सुरू होणारी नावं दाखवतच नाही, म्हणजे ताईंनी डिव्हाइसवर कितीही शोधलं असतं तरी ते फोल्डर सापडलं नसतं.

ताई म्हणाल्या, "म्हणजे मी एवढं काढत होते ते सगळं इथेच येऊन बसत होतं?" हो, इथेच.

तरी आम्ही लगेच काही पुसलं नाही. आधी अख्खं कार्ड, लपलेल्या फाइल्ससकट, कॉम्प्युटरवर कॉपी केलं. दोन फाइल्सवर कॉपी अडकली, त्या बाजूला लिहून ठेवल्या, त्याच त्या न उघडणाऱ्या नोट्स होत्या. मग चेकडिस्क, हा विंडोजमधलाच फाइल सिस्टिम तपासणारा प्रोग्रॅम, आधी 'एफ' हा दुरुस्तीचा पर्याय न लावता, म्हणजे फक्त तपासणी. त्यात हरवलेल्या साखळ्या दिसल्या, म्हणजे डेटा कार्डावर आहे पण तो कुठल्या फाइलचा याची नोंद तुटलीय. कार्ड चालू कामात ओढून काढलं की असं होऊ शकतं, आणि बेरजेतला उरलेला एक जीबी बहुतेक इथला. कॉपी हातात होती म्हणून मग लॉक काढून एफ लावून दुरुस्ती केली.

चेकडिस्क असे सापडलेले तुकडे 'फाउंड.०००' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये सीएचके फाइल्स म्हणून टाकतो, नावं नुसती 'फाइल' आणि पुढे आकडे. बरेच लोक हे फोल्डर कचरा समजून उडवतात. आम्ही एकेक उघडत गेलो. काही तुकडे ऑडिओचे, ते सोडले. एक तुकडा माझ्या स्क्रीनवर नुसती चिन्हं दिसत होता, ताईंनी बोट ठेवलं, डावीकडून उजवीकडे एकदा नेलं, आणि म्हणाल्या, "थांबा, हे माझंच आहे, मागच्या सत्रातलं, मधला भाग." फाइलचं नाव बदलून शेवटी बीआरएफ लावलं, नोटटेकरवर नेलं, नीट उघडली. माझ्यासाठी जे वाचण्यासारखंच नव्हतं ते त्यांनी एका ओळीत ओळखलं, म्हणून म्हणतो की हे काम दुसऱ्याने परस्पर करण्यासारखं नाहीच.

यानंतर ट्रॅशमधली यादी ताईंनी पूर्ण वाचली, दोन पुस्तकं परत ठेवली, बाकीची काढली. नोट सेव्ह होण्याचा प्रश्न इथेच सुटला.

आता आतली मेमरी

ती का भरली होती हे अजून बाकी होतं. ताईंचा समज असा की सगळं कार्डावर जातं, कारण त्यांनी सेव्ह करायचं फोल्डर कार्डावर ठेवलं होतं. पण ते सेटिंग फक्त वर्ड प्रोसेसरचं. नोटटेकरमधल्या आवाजाच्या रेकॉर्डरचं सेटिंग वेगळं आणि ते पहिल्यापासून आतल्या मेमरीवरच होतं, आणि फॉरमॅट वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणारा, तोही स्टिरिओ.

इथे थोडा हिशोब सांगतो कारण तो कळला की स्टोरेजकडे बघण्याची पद्धतच बदलते. ब्रेलचं एक पान ४० सेल आणि २५ ओळी धरलं तर हजार अक्षरं, म्हणजे साधारण एक केबी. ३०० पानांचं ब्रेल पुस्तक ३०० केबीच्या आसपास. आणि १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ स्टिरिओ वेव्ह एका मिनिटाला दहा एमबी खातं, तासाला सहाशेच्या वर. म्हणजे एका तासाच्या रेकॉर्डिंगच्या जागेत अशी दोन हजार ब्रेल पुस्तकं मावतील. नोट्स काढून जागा होत नाही हो, कधीच होत नाही! जागा कमी पडली की लोक सगळ्यात आधी जुन्या नोट्सवर घाव घालतात आणि ते सगळ्यात वाईट, कारण मिळत काहीच नाही आणि जातं ते परत येत नाही.

तेच रेकॉर्डिंग एमपी३ मोनो ६४ केबीपीएसवर घेतलं तर तासाला २९ एमबी, आणि बोललेलं समजायला ते पुरतं. जुनी रेकॉर्डिंग्ज कॉम्प्युटरवर हलवली. हलवताना नियम एकच ठेवला, आधी कॉपी, मग साइझ जुळवायची, मग फाइलचा शेवटचा भाग ऐकायचा, आणि त्यानंतरच डिव्हाइसवरची काढायची. शेवटचा भाग अशासाठी की अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला व्यवस्थितच वाजते. रेकॉर्डरचं सेटिंग बदललं.

सगळ्यात शेवटी कार्डाची खरीखोटी तपासणी, एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने, तो रिकाम्या जागेत लिहितो आणि परत वाचून ताडतो. कार्ड अस्सल निघालं. तरीही ताईंनी नवीन ३२ जीबीचं घेतलं, डिव्हाइसमध्येच फॉरमॅट केलं आणि कॉपीतून नोट्स त्यावर टाकल्या, जुनं कार्ड जपून ठेवलं. हे मला योग्य वाटलं, जुन्या कार्डावर एकदा फाइल सिस्टिम तुटली की रोजच्या कामासाठी मन शांत राहत नाही.

काय निष्पन्न झालं

नोट्स सेव्ह व्हायला लागल्या, आतली मेमरी बरीच मोकळी झाली, रीसेट करावा लागला नाही. न उघडणाऱ्या दोन नोट्सपैकी एक तुकड्यांतून जवळजवळ पूर्ण मिळाली. दुसरीचा सुरुवातीचा भाग मिळाला, पुढचा नाही, तो ताईंनी त्याच दिवसाच्या रेकॉर्डिंगवरून परत लिहून काढला. ज्या वर्गात पहिल्यांदा संदेश आला त्या वर्गातली नोट मात्र गेली ती गेलीच, ती कधी कार्डावर लिहिलीच गेली नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

त्या पहिल्या क्षणी पॅन करून संदेश संपेपर्यंत वाचला असता तर निम्मी धावपळ वाचली असती. वर्गात ते जमलंच असतं असं नाही, पण तोच संदेश नंतर घरी मुद्दाम परत आणून, आवाज चालू करून ऐकता आला असता. कुठल्याही एररला हे करावं, आणि शक्य असेल तर संदेश जसाच्या तसा लिहून ठेवावा, मदत मागताना 'जागा नाही म्हणतंय' यापेक्षा अख्खं वाक्य दहापट उपयोगी पडतं.

नोट सेव्ह होत नाही म्हटल्यावर ती उघडीच ठेवून सेव्ह ॲज करून आतल्या मेमरीत टाकता आली असती, तिथे थोडी का होईना जागा होती आणि एका नोटेला लागते किती, काही केबी. संदेशात कार्डाचं नाव दिसलं असतं तर हे सुचलंही असतं.

मॅकवर कार्ड वापरायचं असेल तर डिलीट केल्यावर कार्ड काढायच्या आधी ट्रॅश रिकामा करायचा, पण त्याआधी ट्रॅशमध्ये अजून काय आहे ते बघायचं कारण तो सगळाच रिकामा होतो. भावाने हे आता लिहून घेतलंय. मॅकच्या फाइंडरमध्ये (फाइल्स बघायच्या प्रोग्रॅममध्ये) कमांड, शिफ्ट आणि टिंब एकत्र दाबलं की लपलेल्या फाइल्स दिसतात, तेही त्याला दाखवलं.

आणि दुसरी प्रत. ताईंनी आता सत्र संपलं की नोट्सचं फोल्डर कॉम्प्युटरवर टाकायचं ठरवलंय, बीआरएफमध्ये आणि सोबत साध्या टेक्स्टमध्येही, म्हणजे उद्या डिव्हाइस बदललं तरी अडणार नाही. एवढ्याशा फाइल्स आहेत की मेलनेसुद्धा जातील.

एक गोष्ट अजून तशीच आहे, डिव्हाइसचा फाइल मॅनेजर लपलेल्या फाइल्स दाखवत नाही आणि त्याला तसं सेटिंगही नाही. तसं सेटिंग द्या आणि एररमध्ये जागेचं नाव सुरुवातीला लिहा अशा दोन्ही मागण्या ताईंनी बनवणाऱ्यांना कळवल्यात. तोपर्यंत फोल्डरांची बेरीज आणि वापरलेली जागा यांचा मेळ त्या स्वतः अधूनमधून घालतात, आणि फरक आला की कार्ड रीडरमध्ये लावून बघतात.